निवासभेद व निवासभेदविरोधी कायदे

निवासभेद व निवासभेदविरोधी कायदे : वंश, वर्ण, धर्म, जात, लिंग, मूळ देश, अपंगत्व किंवा कुटुंबाची रचना यांसारख्या कारणांवरून एखाद्या व्यक्तीस घर विकण्यास अथवा भाड्याने देण्यास नकार देणे, तिच्यावर अधिक जाचक अटी लादणे, तिला गृहकर्ज नाकारणे किंवा तिने विशिष्ट वस्तीतच राहावे अशी योजना करणे, यास निवासभेद म्हणतात. अशा वर्तनास प्रतिबंध करणारे व त्याबद्दल दाद मागण्याची सोय करणारे कायदे म्हणजे निवासभेदविरोधी कायदे होत. घर हे केवळ निवाऱ्याचे साधन नाही. घराच्या पत्त्यावरून मुलांची शाळा, कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि शेजाराची सुरक्षितता या गोष्टी ठरतात. मध्यमवर्गीय कुटुंबाची बहुतेक बचत घराच्या किंमतीत गुंतलेली असते व ती पुढील पिढीकडे वारसा म्हणून जाते. त्यामुळे घराच्या बाबतीत झालेला अन्याय एका पिढीपुरता मर्यादित राहत नाही.

या कायद्यांचा सर्वांत दीर्घ व उद्‌बोधक अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. तेथे मालमत्ता खरेदी करण्याचा व भाड्याने घेण्याचा समान हक्क १८६६ मध्येच कायद्याने मान्य करण्यात आला होता. तो हक्क सामान्य माणसाला बजावता येईल अशी पुरेशी यंत्रणा मात्र १९८८ च्या कायदादुरुस्तीने निर्माण झाली. मधल्या सव्वाशे वर्षांच्या काळात हक्क नव्हता असे नाही. तो डावलला गेल्याचे शोधून काढणे व सिद्ध करणे हे काम कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित होता. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः हा अमेरिकन अनुभव विचारात घेतला असून अखेरीस भारतातील स्थितीचा निर्देश केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यादवी युद्धानंतर संमत झालेल्या १८६६ च्या नागरी हक्क अधिनियमाने स्थावर व जंगम मालमत्ता विकत घेणे, भाड्याने घेणे, धारण करणे, विकणे व वारशाने मिळविणे या बाबतींत सर्व नागरिकांना गोऱ्या नागरिकांइतकाच हक्क राहील, असे घोषित केले. तथापि हा अधिनियम पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. १९१० मध्ये बॉल्टिमोर नगरपालिकेने कोणत्या वंशाच्या लोकांनी कोणत्या रस्त्यावर राहावे हे ठरविणारा उपविधी केला व दक्षिणेकडील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. केंटकी राज्यातील लूइव्हिल शहराचा असाच उपविधी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात १९१७ मध्ये रद्द ठरविला. या निकालाचा आधार लक्षात घेण्याजोगा आहे. कृष्णवर्णीय खरेदीदाराच्या समतेपेक्षा गोऱ्या विक्रेत्याचा आपली मालमत्ता हव्या त्या ग्राहकास विकण्याचा हक्क न्यायालयाने अधिक महत्त्वाचा मानला.

नगरपालिकांना जे करता आले नाही, ते खाजगी करारांनी साधण्यात आले. विशिष्ट वंशाच्या लोकांना घर विकू नये व तेथे राहू देऊ नये, असे कलम खरेदीखतातच घालण्यात येऊ लागले. जमिनीबरोबर हे बंधनही पुढच्या मालकाकडे जाई आणि त्याचा भंग झाल्यास शेजारी न्यायालयात जाऊन नव्या मालकास घराबाहेर काढू शकत. सेंट लूइस शहरातील अशाच एका घराविषयीच्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात (३ मे १९४८) सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध शून्य मतांनी निर्णय दिला. उरलेल्या तीन न्यायाधीशांनी सुनावणीत भाग घेतला नाही. वादग्रस्त करार १९११ मधील होता व त्याची मुदत ५० वर्षांची होती. असा करार करणे हे बेकायदेशीर नाही, पण त्याच्या अंमलबजावणीस न्यायालयाने हातभार लावणे म्हणजे शासनानेच भेदभाव करणे होय, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता. परिणामी करार निष्प्रभ झाले, तरी खरेदीखतांत ती कलमे पुढे अनेक वर्षे लिहिली जात राहिली आणि जुन्या दस्तऐवजांत ती आजही वाचावयास मिळतात.

निवासभेद हा केवळ खाजगी पूर्वग्रहांचा परिणाम होता, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही. मंदीच्या काळात स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ (१९३३) या संघीय संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांची चार प्रतींत विभागणी केली. सर्वांत धोक्याच्या मानलेल्या वस्त्या तांबड्या रंगाने दाखविल्या जात व कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा याच रंगात येई. कर्ज नाकारण्याच्या या प्रथेला पुढे ‘रेडलाइनिंग’ हे नाव पडले. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जांना विमासंरक्षण देत असे. वंशमिश्रित वस्तीत घराची किंमत उतरते असे त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेचे गृहीतक होते आणि वंशाधिष्ठित करारकलमांची त्यात शिफारस होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांसाठी उपनगरे उभी राहिली, ती याच कर्जांच्या बळावर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील लेव्हिटटाउन हे १७,००० हून अधिक घरांचे उपनगर त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. तेथील सुरुवातीच्या भाडेकरारात कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कोणासही घरात राहू देऊ नये अशी अट होती. मात्र अन्य वंशाचे घरगडी ठेवण्यास प्रत्यवाय नव्हता.

दलालांच्या धंद्यालाही या विभागणीने नवे मार्ग मिळाले. एखाद्या गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंब येत असल्याची हूल उठवून घरमालकांना घाबरवावयाचे, त्यांची घरे पडत्या भावाने घ्यावयाची आणि अन्यत्र घर मिळत नसलेल्या कृष्णवर्णीयांना ती चढ्या भावाने विकावयाची, हा त्यांतील एक प्रकार. याहून सौम्य व म्हणूनच अधिक टिकाऊ प्रकार म्हणजे ग्राहकाला त्याच्या वंशानुसार ठराविक वस्तीतीलच घरे दाखवणे. यात नकाराचा शब्दही उच्चारावा लागत नाही.

१९६८ चा अधिनियम : अध्यक्ष केनेडी यांनी २० नोव्हेंबर १९६२ च्या आदेशाने संघीय साहाय्य लाभलेल्या घरांपुरता भेदभाव निषिद्ध केला. कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये याविषयी कायदा केला, पण पुढच्याच वर्षी तेथील मतदारांनी सार्वमताने तो निष्फळ केला. हे सार्वमत पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ मध्ये शिकागोत खुल्या निवासासाठी आंदोलन केले, तेव्हा मार्केट पार्क भागातील मोर्चात जमावाने फेकलेला दगड त्यांना लागला. दक्षिणेकडील राज्यांतील भेदभावाचा निषेध करणाऱ्या उत्तरेतील पुष्कळांना हा प्रश्न आपल्या दारात आलेला नको होता. त्यामुळे निवासविषयक विधेयके काँग्रेसमध्ये वारंवार अडकून पडत. सिनेटर वॉल्टर माँडेल व एडवर्ड ब्रूक यांनी पुरस्कारिलेले विधेयक सिनेटने मार्च १९६८ मध्ये संमत केले. ४ एप्रिल रोजी किंग यांची मेंफिस येथे हत्या झाली, शहराशहरांतून दंगली उसळल्या आणि प्रतिनिधिगृहाची संमती मिळून ११ एप्रिल १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी अधिनियमावर स्वाक्षरी केली.

या अधिनियमाने वंश, वर्ण, धर्म व मूळ देश या कारणांवरून घराची विक्री, भाडे, कर्ज, दलाली व जाहिरात यांत भेदभाव करणे बेकायदेशीर ठरविले. लिंगाची भर १९७४ मध्ये पडली. घर उपलब्ध असताना ते उपलब्ध नाही असे खोटे सांगणे हाही स्वतंत्र अपराध ठरला, व या तरतुदीला पुढे फार महत्त्व आले. काही अपवाद ठेवण्यात आले. मालक स्वतः राहत असलेल्या व चारांपेक्षा जास्त बिऱ्हाडे नसलेल्या इमारतीला, तसेच दलालाविना विकल्या जाणाऱ्या काही एककुटुंबी घरांना अधिनियम लागू नव्हता. खोल्या भाड्याने देऊन चरितार्थ चालविणाऱ्या एका काल्पनिक विधवेच्या नावावरून पहिल्या अपवादास ‘मिसेस मर्फी’ अपवाद म्हणतात. भेदभाव दर्शविणारी जाहिरात देण्याची मुभा मात्र तिलाही नाही.

विधेयक संमत व्हावे म्हणून जी तडजोड झाली, तिची किंमत अंमलबजावणीला मोजावी लागली. गृहनिर्माण व नागरी विकास खात्याला तक्रार घेऊन दोन्ही पक्षांत सलोखा घडवून आणण्यापलीकडे अधिकार उरला नाही. दलालाने सलोख्यास नकार दिल्यास खात्याचे काम तेथेच संपे. न्याय खात्याला दावा लावता येई, पण तो भेदभावाची पद्धतशीर प्रथा असल्याचे दिसून आल्यासच. पीडित व्यक्तीने स्वतः १८० दिवसांच्या आत न्यायालयात जावे अशी अपेक्षा होती. दंडात्मक नुकसानभरपाई १,००० डॉलरपेक्षा अधिक मिळत नसे आणि वकिलाचा खर्च मिळण्यासाठी तो सोसण्याची ऐपत नसल्याचे दाखवावे लागे. योगायोग असा, की १९६८ च्या जून महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने ‘जोन्स विरुद्ध आल्फ्रेड एच. मायर कंपनी’ या खटल्यात १८६६ चा जुना अधिनियम खाजगी विक्रेत्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. त्यात भरपाईची मर्यादा नव्हती. त्यामुळे वंशभेदाच्या दाव्यांत नव्या अधिनियमाबरोबर शतकापूर्वीच्या अधिनियमाचाही आधार घेणे वकिलांना श्रेयस्कर वाटू लागले.

भेदभावाचा शोध व जोडचाचणी : अधिनियमानंतर उघड नकार कमी झाले आणि भेदभाव सौजन्याच्या आवरणाखाली होऊ लागला. ‘घर कालच गेले’ असे हसतमुखाने सांगितले जाते, तेव्हा ते खरे की खोटे हे ऐकणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. आपल्यावर अन्याय झाला हेच ज्याला ठाऊक नाही, तो तक्रार करणार कशी? चोरीला गेलेली वस्तू मालकाला जाणवते. न दाखविलेले घर जाणवत नाही. केवळ तक्रारींवर विसंबणारी यंत्रणा म्हणूनच या क्षेत्रात अपुरी पडते.

या अडचणीवर स्वयंसेवी संस्थांनी जोडचाचणीचा उपाय काढला. उत्पन्न, नोकरी, वय, कुटुंबातील माणसे व घराविषयीची अपेक्षा या बाबतींत सारखे दिसतील, पण ज्यांचा वंश वेगळा आहे, असे दोन परीक्षक एकाच घरमालकाकडे वा दलालाकडे थोड्या अंतराने पाठविले जातात. प्रत्येकाने आपणास काय सांगण्यात आले, किती घरे दाखविली, भाडे व अनामत किती मागितली, पुन्हा दूरध्वनी आला का, याची तपशीलवार नोंद लगेच करावयाची असते. दुसऱ्याचा अनुभव त्याला कळू दिला जात नाही. तुलना तिसरी व्यक्ती करते. एका चाचणीतील फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून संशयास्पद ठिकाणी चाचणी पुन्हा घेतली जाते.

अशा परीक्षकास घर घ्यावयाचेच नसते. मग त्याचे नुकसान काय झाले, हा आक्षेप स्वाभाविक होता. व्हर्जिनियातील रिचमंडनजीकच्या एका मालमत्ता कंपनीने १९७८ मध्ये कृष्णवर्णीय परीक्षकेला जागा नसल्याचे व गोऱ्या परीक्षकाला ती असल्याचे सांगितले होते. त्यावरून उद्भवलेल्या ‘हेव्हन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन’ या खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला, की उपलब्धतेविषयी खरी माहिती मिळण्याचा हक्क अधिनियमाने कोणाही व्यक्तीस दिला आहे. सबब खोटी माहिती मिळालेल्या परीक्षिकेस दाव्याचा अधिकार आहे, मग तिचा हेतू काहीही असो. खरी माहिती मिळालेल्या गोऱ्या परीक्षकास तसा अधिकार नाही. संस्थेच्या कार्यात अडथळा आल्यास तीही दावा लावू शकते, हा याच निकालाचा दुसरा भाग होय. मात्र २०२४ मध्ये एका औषधविषयक खटल्यात त्याच न्यायालयाने हा दुसरा भाग अधिक विस्तारण्यास नकार दिला.

गृहनिर्माण खात्याने १९७७, १९८९, २००० व २०१२ या वर्षांत राष्ट्रव्यापी जोडचाचण्या करविल्या. २०१२ च्या पाहणीत २८ महानगर क्षेत्रांत ८,००० हून अधिक चाचण्या झाल्या. भेटीस नकार देण्याचे प्रमाण नगण्य आढळले. तथापि भाड्याचे घर शोधणाऱ्या कृष्णवर्णीयांना समकक्ष गोऱ्यांपेक्षा ११.४ टक्के कमी घरांची माहिती देण्यात आली. घर विकत घेऊ इच्छिणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक १७ टक्के होता आणि प्रत्यक्ष दाखविलेली घरे १७.७ टक्क्यांनी कमी होती. आशियाई वंशाच्या खरेदीदारांच्या वाट्यालाही जवळपास असाच अनुभव आला. या वर्गात तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांचाही समावेश होतो. न्यूजडे या वृत्तपत्राने लाँग आयलंडवरील दलालांच्या ८६ जोडचाचण्या घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कृष्णवर्णीय परीक्षकांना ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के व आशियाईंना १९ टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाल्याचे त्यात आढळले. लेव्हिटटाउनच्या स्थापनेला तोपर्यंत सत्तर वर्षे उलटून गेली होती.

१९८८ ची दुरुस्ती व नंतरचा काळ : १९८८ च्या दुरुस्तीने (अंमल १२ मार्च १९८९ पासून) अधिनियमाला दात फुटले, असे म्हणता येईल. पीडित व्यक्तीला एक वर्षाच्या आत गृहनिर्माण खात्याकडे विनामूल्य तक्रार करता येते, किंवा दोन वर्षांच्या आत थेट न्यायालयात जाता येते. खात्याने शक्यतो १०० दिवसांत चौकशी पूर्ण करावी व वाजवी कारण आढळल्यास आरोपपत्र दाखल करावे, अशी तरतूद आहे. त्यानंतर प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालते. कोणत्याही पक्षाने मागणी केल्यास ते संघीय न्यायालयाकडे जाते आणि तेथे तक्रारदाराच्या वतीने शासनच दावा चालविते. दंडात्मक भरपाईवरील मर्यादा रद्द झाली. तुल्य स्वरूपाचा कायदा असलेल्या राज्यांकडे तक्रारी वर्ग केल्या जातात. जोडचाचण्या करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना शासकीय अनुदान देण्याची योजना १९८७ मध्ये सुरू झाली. ती नसती तर दुरुस्तीचा उपयोग बराच मर्यादित राहिला असता.

याच दुरुस्तीने अपंग व्यक्ती आणि अठरा वर्षांखालील मुले असलेली कुटुंबे यांना संरक्षण दिले. खास वृद्धांसाठी असलेल्या वसाहतींना कुटुंबविषयक तरतुदीतून वगळले आहे. अपंगांच्या बाबतीत केवळ समान वागणूक पुरेशी नाही. नियमांत वाजवी सवलतही द्यावी लागते. उदा., पाळीव प्राण्यांस बंदी असलेल्या इमारतीत अंध भाडेकरूच्या मार्गदर्शक कुत्र्यास परवानगी द्यावी लागते. अलीकडील वर्षांत येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक अपंगत्वाशी निगडित असतात. सवलतीचा नकार बहुधा लेखी व स्पष्ट असतो आणि तो लगेच लक्षात येतो, हे त्याचे एक कारण असावे. वंशभेद कमी झाल्याचे ते गमक मानता येत नाही.

हेतू नसताना परिणामतः होणारा भेदभावही अधिनियमाच्या कक्षेत येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये टेक्सस राज्यातील एका प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. विभक्त वस्त्यांची रचना बदलण्यासाठी शहरांनी स्वतःहून योजना आखाव्यात, हा १९६८ च्या अधिनियमातील आदेश मात्र राजकीय मतभेदांत सापडला. त्याविषयीचा तपशीलवार नियम २०१५ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२१ मध्ये अंशतः परत आला व २०२५ मध्ये पुन्हा काढून टाकण्यात आला. एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने परिणामाधिष्ठित भेदभावाच्या प्रकरणांना शासकीय कारवाईत गौण स्थान दिले. २०१५ चा निकाल त्यामुळे रद्द होत नाही. घरांच्या जाहिराती कोणास दिसाव्यात हे संगणकीय प्रणाली ठरवू लागल्याने न दाखविलेल्या घराचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. फेसबुकच्या जाहिरातपद्धतीविरुद्ध गृहनिर्माण खात्याने २०१९ मध्ये आरोप ठेवले व २०२२ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने ही पद्धत बदलण्याचे मान्य केले.

भारतातील स्थिती : भारतात निवासभेदाचा मुख्य आधार जात व धर्म हा आहे. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे घर मिळू शकले नाही. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले व अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना ते सोडावयास लावले. पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आणि १९५५ च्या अधिनियमाने (आताचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम) अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळविण्यास वा तेथे राहण्यास अडथळा करणे हा दंडनीय अपराध ठरविला. मात्र धर्म, आहार किंवा वैवाहिक स्थिती या कारणांवरून खाजगी घरमालकाने दिलेल्या नकारास लागू पडेल असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७ चा व तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९ चा अधिनियम यांत घर घेण्याच्या वा भाड्याने मिळण्याच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे.

मुंबईत सहकारी गृहनिर्माणाचा आरंभच ज्ञातिसंस्थांनी केला. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था (१९१५) हे त्याचे आद्य उदाहरण. स्थलांतरित मध्यमवर्गाला स्वस्त व हवेशीर घरे मिळवून देणारा हा प्रयोग स्तुत्यच होता. पण सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा पायंडाही त्याबरोबर पडला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. उलटपक्षी अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी संघस्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरविला.

जोडचाचणीसारखी कायमस्वरूपी यंत्रणा भारतात नाही. अभ्यासकांनी केलेल्या पाहण्या मात्र आहेत. अमरावती जिल्ह्यातील अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी दिल्लीच्या परिसरात याच तत्त्वावर भाड्याच्या घरांची चौकशी करवून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या चौकशीकर्त्यांना सर्वाधिक अनुकूल प्रतिसाद मिळाला, दलितांना त्याहून कमी आणि मुस्लिमांना सर्वांत कमी, असे त्यात आढळले. ज्यांना उघड नकार मिळाला नाही अशांपैकी काहींपुढे अधिक भाडे वा अन्य अटी ठेवण्यात आल्या होत्या.